तिसऱ्या खुर्चीवर कोण?

उद्योग, सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांना एका मंचावर आणणाऱ्या जागतिक दातृत्व परिषदांची चर्चा आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. सोलापुरात उद्योजकांची बैठक असो, एखाद्या सेवाभावी मंडळाचा पदग्रहण समारंभ असो की महाविद्यालयातला परिसंवाद असो, ‘आपला जिल्हा अशा परिषदांच्या नकाशावर का नाही?’ असे कोणीतरी विचारतोच आणि त्यावर ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते की सरकारच्या भरवशावर राहिलो म्हणून आपण मागे राहिलो. ज्यांच्याकडे पैसा, तंत्रज्ञान आणि कामाचा उरक आहे त्यांना बोलवा आणि मोकळीक द्या. दुसरी बाजू म्हणते की हे सारे श्रीमंतांचे पापक्षालन आहे. त्यांनी कर नीट भरावेत, कामगारांना पगार नीट द्यावेत आणि समाजसेवेच्या भानगडीत पडू नये. टाळ्या दोघांनाही पडतात. मात्र एक गोष्ट दोघेही गृहीत धरून चालतात: ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे ती माणसे सभागृहाबाहेर असतील आणि त्यांच्या वतीने आत दुसरे कोणीतरी बोलत असेल.

मला हे गृहीतच मान्य नाही. तिघांनी एकत्र यावे की येऊ नये, हा वाद घालण्यात आता अर्थ उरलेला नाही, कारण ते एकत्र येतच आले आहेत. सोलापुरात तर शंभर वर्षांपूर्वीच आले होते. अशा भागीदारीत एक खुर्ची पैसेवाल्यांची असते, दुसरी सरकारची असते आणि त्या दोन्हींवर कोण बसणार हे आधीच ठरलेले असते. भांडायचे असेल तर तिसऱ्या खुर्चीवरून भांडायला हवे. तिच्यावर गरिबांचे भले चिंतणारी एखादी संस्था बसणार, की ते गरीब स्वतःच्या संघटनेतून, योजना नाकारण्याच्या आणि जाब विचारण्याच्या अधिकारासह बसणार? भागीदारी उपकारक ठरते की जाचक, हे माझ्या मते प्रामुख्याने या एका निवडीवर अवलंबून असते.

आधी या परिषदांना न्याय देऊ. २००१ साली ग्लोबल फिलान्थ्रॉपी फोरम सुरू झाला, २००४ पासून ऑक्सफर्डला स्कोल वर्ल्ड फोरम भरू लागला, २००५ साली बिल क्लिंटन यांनी क्लिंटन ग्लोबल इनिशिएटिव्ह उभा केला आणि २०१० साली गेट्स-बफे यांनी अब्जाधीशांना निम्म्याहून अधिक संपत्ती दान करण्याची जाहीर प्रतिज्ञा घ्यायला लावले. या हालचालींमागचा पैसा खोटा नाही. गेट्स फाउंडेशनने २०२५ मध्ये जाहीर केले की पुढील वीस वर्षांत सुमारे २०० अब्ज डॉलर खर्च करून २०४५ साली संस्था बंद केली जाईल. आपल्या देशात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ ने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आणि १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले. हा पैसा कोठेतरी जाणारच आहे. तो कोठे जावा, कोणाला विचारून जावा, यासाठी माणसे एकत्र बसत असतील तर त्यात आक्षेपार्ह काय? काहीच नाही.

शिवाय भागीदारीने खरोखर साधलेली कामे डोळ्यांसमोर आहेत. रोटरीने १९८५ साली पोलिओविरुद्धची मोहीम हाती घेतली, १९८८ पासून जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि इतर संस्था तिच्यात एकवटल्या, आणि ज्या भारतात हा रोग कधी हटेल असे अनेकांना वाटत नव्हते तेथे जानेवारी २०११ नंतर पोलिओचा एकही नैसर्गिक रुग्ण आढळला नाही. २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. एचआयव्ही प्रतिबंधासाठी गेट्स फाउंडेशनने २००३ साली महाराष्ट्रासह सहा राज्यांत ‘आवाहन’ हा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपवला. आपल्याच माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली वार्की फाउंडेशनचा दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. हा पुरस्कार नसता तर परितेवाडीचे नाव लंडनमध्ये कोणी घेतले असते? जागतिक दातृत्वाची ही ताकद नाकारणे म्हणजे उगाच डोळ्यांवर कातडे ओढणे होय.

सरकारवर सोडा म्हणणाऱ्यांनी सोलापूरकरांना तरी हे सांगू नये, असाही आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. एकूण ११७ टीएमसी साठवणक्षमतेचे उजनी धरण जिल्ह्यात असताना शहराच्या नळाला वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी आले आहे. बाईने रात्री दोन वाजता उठून पिंपे भरायची, कारण पाणी कोणत्या वेळी सोडणार हे कधी नीट कळत नाही. उजनीपासूनच्या समांतर जलवाहिनीचे काम किती रखडले, हे येथे नव्याने सांगायला नको. ज्याचा कार्यालयीन फायलींशी संबंध आला आहे, त्याला ‘कार्योत्तर मंजुरी’ आणि ‘ऑडिट आक्षेप’ या दोन शब्दांतच सरकारी कारभाराचे मर्म सापडते. अशा वेळी एखादी कंपनी सहा महिन्यांत काम उभे करून दाखवते म्हटल्यावर लोकांनी हुरळून जाऊ नये असे सांगण्याचा नैतिक अधिकार कोणाला आहे?

एवढे सारे मान्य करूनही मूळ मुद्दा सुटत नाही. पोलिओ मोहीम का यशस्वी झाली याकडे पाहा. पैसा बाहेरून आला, रोटरीचे सदस्य बूथवर उभे राहिले, हे खरेच. पण घरोघरी जाऊन बाळाच्या तोंडात थेंब टाकणारी आणि बोटाला शाई लावणारी फौज आशा, अंगणवाडी सेविका आणि सरकारी आरोग्य कर्मचारी यांची होती. डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणला, पण तो राज्यभरातील मुलांच्या दप्तरात गेला तो पाठ्यपुस्तक मंडळाने स्वीकारल्यामुळे. आणि तो प्रयोग ज्या शिक्षकाने केला त्याचा पगार करदात्यांच्या पैशातून होत होता. दानाने येथे गती दिली, प्रतिष्ठा दिली. पाया सार्वजनिक होता. जेथे असा पाया नाही, किंवा पायाला वळसा घालून वर इमला चढवला जातो, तेथे काय होते ते आपल्या शहराच्या इतिहासात फार लांब न जाता सापडते.

सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हटले की रिक्षावाला पत्ता विचारत नाही. हे नाव पडले त्यामागे उद्योग, सरकार आणि सेवाभावी संस्था यांची, आजच्या कोणत्याही परिषदेत नमुना म्हणून मिरवता येईल इतकी चोख भागीदारी आहे. १८७१ च्या आणि नंतर १९११ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. त्यांना काटेरी तारांच्या आत वसवायचे, सकाळ-संध्याकाळ हजेरी घ्यायची, बाहेर जायला पास द्यायचा आणि कष्टाची सवय लावून ‘सुधारायचे’ अशी ही योजना. मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक सोलापुरात झाली, कारण येथे कापडगिरण्या होत्या. १८७७ साली जुन्या गिरणीपासून सुरू झालेला हा व्यवसाय वाढत होता आणि गिरण्यांना पाळी न चुकवणारे मजूर हवे होते. तारांच्या आतला मजूर पाळी चुकवून जाणार कोठे? वसाहत चालवण्याचे काम सरकारने अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेकडे दिले. मिशनने शाळा चालवल्या, दवाखाना चालवला, मुलांना हस्तव्यवसाय शिकवले. सरकारला बंदोबस्त मिळाला, गिरण्यांना हात मिळाले, मिशनला सेवेचे क्षेत्र मिळाले आणि तिघांच्याही अहवालांत प्रगती दिसत राहिली.

त्या मिशनमधली माणसे दुष्ट होती असे मला म्हणायचे नाही. त्यांतल्या अनेकांनी आपले तारुण्य येथे खर्च केले, आणि त्या शाळांत अक्षर गिरवलेल्यांच्या पुढच्या पिढ्या शिकून मोठ्या झाल्या, हेही खरे. माझा मुद्दा याहून अडचणीचा आहे. तिन्ही भागीदार आपापल्या परीने सचोटीने वागत असताना, हिशेब चोख असताना आणि हेतू ‘उद्धाराचा’ असताना एक अख्खा समाज पिढ्यान्‌पिढ्या कुंपणात राहिला. कारण ‘आम्ही गुन्हेगार नाही, आम्हाला ही योजनाच नको’ असे म्हणण्याची सोय त्या भागीदारीत कोणालाही नव्हती. त्यांच्या वतीने बोलणारी संस्था होती, पण तिला त्यांनी नेमले नव्हते आणि तिला दूर करणे त्यांच्या हाती नव्हते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातील हा कलंक कायद्याने पुसला गेला. म्हणून तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. ही सुटका वसाहतींच्या चालकांनी केली नाही. ती स्वतंत्र देशाच्या, मतदानाने निवडून आलेल्या संसदेच्या काळात झाली.

यावर कोणी म्हणेल की परकीय राजवटीतले उदाहरण आजच्या लोकशाहीला लावणे अन्यायाचे आहे. आज कोणी कोणाला तारांत कोंडत नाही, मदत नको असेल तर माणूस उठून जाऊ शकतो. हा फरक मोठा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. परंतु उठून जाता येणे आणि नाही म्हणता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावातल्या एकमेव दवाखान्याचा खर्च ज्या कंपनीच्या सामाजिक निधीतून चालतो, त्या कंपनीच्या धुराड्याबद्दल ग्रामसभेत तक्रार मांडायला किती जण उठतील? कायद्यानेच कंपन्यांना कारखान्याच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगितले आहे. हेतू चांगला, पण त्यामुळे ज्याच्याकडे दाद मागायची आणि ज्याच्याकडे हात पसरायचा, तो एकच होऊन बसतो. जुन्या काळी अँड्र्यू कार्नेगी यांच्याबाबतीत अमेरिकेत हेच झाले. १८८९ साली त्यांनी धनिकांनी संपत्ती लोकहितासाठी खर्चावी असा निबंध लिहिला, आणि तीनच वर्षांनी, १८९२ मध्ये, त्यांच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात संप मोडून काढताना माणसे मेली. कमी मजुरीत राबलेल्या कामगाराने त्याच मजुरीच्या शिलकीतून उभ्या राहिलेल्या ग्रंथालयाबद्दल कृतज्ञ राहायचे, ही अपेक्षा तेव्हाही अनेक कामगारांना झोंबली होती.

आता याच शहरातले दुसरे उदाहरण घेऊ. दक्षिण सोलापुरातल्या कुंभारीच्या माळावर आधी विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. दहा हजार घरांची ही सहकारी वसाहत २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. त्यानंतर त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आले आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातली पहिली पंधरा हजार घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सुपूर्द केली. दोन वेगवेगळ्या विचारांची सरकारे, आणि दोन्ही वेळा मागणी लावून धरणारे नेते मात्र मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम. येथेही खुर्च्या तीनच होत्या. सरकारचे अनुदान होते, खासगी बांधकाम व्यवसाय होता. पण तिसऱ्या खुर्चीवर ज्या बायका त्या घरांत राहणार होत्या त्यांची संघटना होती, आणि घरासाठी त्यांनी स्वतःच्या मजुरीतून वाटा भरला होता.

याने फरक काय पडतो, हे विडी वळणाऱ्या बाईच्या जागी बसून पाहिले म्हणजे कळते. तिच्या मांडीवर सूप, हातात कात्री, शेजारी तेंदूची भिजवलेली पाने. पान, तंबाखू आणि सूत कारखान्यातून मोजून मिळते आणि तयार माल रोज तेथेच जमा करावा लागतो. छाट, म्हणजे सदोष ठरवून बाजूला काढलेल्या विड्या, निघाली तर नुकसान तिचे. म्हणून तिच्या घराचा प्रश्न नुसत्या छपराचा नसतो. बसायच्या जागी उजेड येतो का, विडी जमा करायला जायचे अंतर परवडते का, धाकटे मूल शाळेत एकटे जाऊ शकते का, हे सगळे त्यात येते. एखाद्या सल्लागार संस्थेने यादी केली तर त्यात खोलीचे क्षेत्रफळ असेल, हे असेलच असे नाही. रे नगर निर्दोष आहे असा माझा दावा नाही. शहरापासूनचे अंतर, रोजगार, हप्ते यांच्या तक्रारी आहेत आणि पुढेही राहतील. पण त्या तक्रारी घेऊन कोणाच्या दारात जायचे हे तेथल्या बाईला ठाऊक आहे, आणि ते दार तिच्या वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेचे आहे.

या ठिकाणी विरोधकांचा सर्वात वजनदार आक्षेप येतो. संघटना म्हणजे राजकारण, नेत्याची मक्तेदारी, आपल्या सभासदांपुरते पाहणे. त्यापेक्षा व्यावसायिक पद्धतीने चालणारी तटस्थ स्वयंसेवी संस्था बरी नव्हे का? आणि ज्यांची संघटना होऊच शकत नाही, म्हणजे कुपोषित बालके, मनोरुग्ण, रस्त्यावर टाकून दिलेले वृद्ध, त्यांचे काय? दुसऱ्या अर्ध्याला मी पूर्ण शरण जातो. जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने बोलणे हे दातृत्वाचे सर्वात उजळ रूप आहे आणि तेथे स्वयंसेवी संस्थांना पर्याय नाही. पहिल्या अर्ध्याबद्दल मात्र विचारावेसे वाटते की तटस्थ संस्था तरी कोणाला बांधील असते? तिचा पुढच्या वर्षीचा पगार ज्याच्या मंजुरीवर अवलंबून, त्यालाच ना? कामगार नेत्याला सभासद निवडणुकीत पाडू शकतात आणि आपण तसे झालेले पाहिले आहे. देणगीदाराच्या प्रकल्प अधिकाऱ्याला कोण पाडणार? राजकारण दोन्हीकडे आहे, एकीकडे ते चव्हाट्यावर चालते एवढेच.

येथे सरकारलाही सूट देता येणार नाही. २०२० साली परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती करून एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला असा निधी पुढे देण्यास बंदी घातली गेली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली गेली. गैरव्यवहार रोखण्याचे कारण दिले गेले. परिणाम असा की तालुक्यात काम करणाऱ्या, स्वतःचा लेखापाल ठेवू न शकणाऱ्या छोट्या संस्थांपर्यंत पोहोचण्याची वाट अरुंद झाली आणि इंग्रजीत चकचकीत अहवाल लिहिणाऱ्या मोठ्या संस्थांचे फावले. एकीकडे भागीदारीचे गोडवे गायचे आणि दुसरीकडे जमिनीजवळच्या भागीदाराचे पाय कापायचे, हा विरोधाभास परिषदांच्या व्यासपीठावरून क्वचितच कोणी बोलून दाखवतो.

पैशाच्या आकाराबद्दलही जरा शुद्धीवर यायला हवे. देशभरातील कंपन्यांचा सामाजिक खर्च २०२२-२३ मध्ये सुमारे तीस हजार कोटी रुपये होता, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक आहे. रक्कम मोठी वाटते. पण २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात एकट्या ग्रामीण रोजगार हमीसाठी ८६ हजार कोटी होते. आणि ही हमी आली कोठून? १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला तेव्हा दानशूर संस्थांनी सुखडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, वाटली, त्या सुखडीने जीव वाचले आणि ती खाल्लेली पिढी अजून तिचे नाव काढते. तरीही रोजगार हमीचे जनक मानले जाणारे वि. स. पागे यांच्यासारख्यांनी सुखडीवर समाधान मानले नाही. काम मागणाऱ्याला काम मिळालेच पाहिजे, असा हक्क १९७७ च्या कायद्याने महाराष्ट्राने दिला, आणि त्याच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरी नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवला. आजही पगारपत्रकात वर्षाला अडीच हजार रुपयांची जी कपात दिसते ती तीच. मुंबईच्या कारकुनाने सांगोल्याच्या मजुराला दिलेला हा पैसा होता. त्यासाठी कोणाचा सत्कार झाला नाही, कोठे फलक लागला नाही, आणि मजुराला कोणाचे आभार मानावे लागले नाहीत. २००५ साली देशाने हेच तत्त्व कायद्यात आणले. दानाने दुष्काळ निभावला, हक्काने दुष्काळाची भीती कमी केली. या दोन्हींत आधी कोण आणि नंतर कोण, याचा क्रम परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकेत उलटा लागतो.

हा क्रम उलटा लागला की काय घडते ते एका छोट्या गोष्टीत दिसते. सोलापूर भागात विंधन विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड आणि खारे, म्हणून शाळांना पाणी शुद्ध करणारी यंत्रे देणे हे कंपन्यांचे आवडते काम. एका गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात असे यंत्र मी पाहिले. वर संगमरवरी पाटी, तिच्यावर कंपनी, शासनाचा विभाग आणि अंमलबजावणी करणारी संस्था अशी तिघांची नावे. खाली यंत्राची तोटी काढून ठेवलेली आणि भोकात चिंधी कोंबलेली. आतले मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, दोन-तीन वर्षांनी बदलावे लागते. त्या खर्चाला कंपनीच्या निधीत तरतूद नाही, कारण प्रकल्प ‘पूर्ण’ झाला. शाळेच्या तुटपुंज्या सादिल खर्चात ते बसत नाही, तिथे विजेच्या बिलाचीच मारामार. आणि शाळा व्यवस्थापन समितीला यंत्र येण्यापूर्वी कोणी विचारलेच नव्हते. उपयोगिता प्रमाणपत्र मात्र वेळेत गेले होते. बाजारात दुकान भागीने काढणारे दोघे तोटा कोणी किती सोसायचा हे पहिल्याच दिवशी लिहून घेतात; येथे तिघांनी श्रेय वाटून घेतले आणि तोट्याचे कलम कोऱ्या कागदावरही नव्हते.

गंमत अशी की ज्या कार्नेगींवर वर टीका केली, त्यांनी या बाबतीत आजच्या दात्यांपेक्षा अधिक शहाणपण दाखवले होते. ग्रंथालयाची इमारत हवी असेल तर गावाने जागा द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के एवढी रक्कम दरवर्षी स्वतःच्या कराच्या उत्पन्नातून देखभालीसाठी काढायची, ही त्यांची अट असे. म्हणजे निर्णय नगरपालिकेत व्हायचा, चर्चा करदात्यांत व्हायची, आणि ज्यांना तो बोजा किंवा तो पैसा नको होता त्या गावांनी चक्क नकारही दिला. तरीसुद्धा जगभरात २,५०९ ग्रंथालये उभी राहिली. अटींमुळे दाते पळून जातील आणि विलंबाने कामे मरतील, ही भीती घालणाऱ्यांनी हा आकडा विचारात घ्यावा. ‘आवाहन’ सरकारकडे सोपवता आला, कारण सोपवण्याची तयारी पैसा संपण्याच्या बरीच आधीपासून केली होती. याउलट २०२५ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने परदेशी मदत एका आदेशाने गोठवली, तेव्हा देशोदेशीचे दवाखाने रातोरात बंद पडले. त्यांत हैदराबादचा तृतीयपंथीयांसाठीचा दवाखानाही होता. त्या रुग्णांचे मत कोणी विचारले होते?

सोलापुरात हा प्रश्न आणखी एका कारणाने तातडीचा आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपली निवड झाली आणि कामे करण्यासाठी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तिची कामे कोणाला आवडली, कोणाला नाही, तो वेगळा विषय. पण रस्ता का उकरला हे नगरसेवकाला विचारले तर तो कंपनीकडे बोट दाखवी आणि कंपनीला मतदार नव्हते. पुढे २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्या काळात शहरात निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, त्या काळात एखादा जागतिक दाता येऊन भागीदारीचा करार करू म्हणाला असता तर सरकारच्या खुर्चीवर अधिकारी बसला असता, उद्योगाच्या खुर्चीवर उद्योगपती आणि तिसऱ्या खुर्चीवर मुंबईची संस्था. करारात सोलापूरचे म्हणून काय उरले असते? पाटीवरचे नाव?

आपल्या भागात दात्याचा विषय निघाला की मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण निघतेच. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची कोठारे भुकेल्यांना खुली केली, ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि अधिकाऱ्याला काळीज असावे असा बोध घेऊन थांबतो. पण कथेचा उत्तरार्ध विसरू नये: धान्य वाटणाऱ्याचे स्वतःचे नव्हते, म्हणून त्याचे पैसे खजिन्यात भरले गेले आणि त्याची रीतसर पावती मिळाली. विठ्ठलाला विठू महार होऊन बिदरपर्यंत पायपीट करावी लागली ती या हिशेबासाठी. लोकांनी रचलेल्या कथेतसुद्धा करुणेने हिशेब माफ होत नाही. कंपनीच्या सामाजिक निधीवर करात सवलत नसली तरी तो कायद्याने काढायला लावलेला पैसा आहे. मोठ्या दात्यांच्या विश्वस्त निधींना करमाफी आहे. म्हणजे त्यातला काही भाग मुळात लोकांचाच आहे. मग त्याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या कपाटात आणि कंपनीच्या इंग्रजी वार्षिक अहवालात ठेवून का भागावे? ज्या गावात तो खर्च झाला तेथल्या ग्रामसभेत, मराठीत किंवा तेथे बोलल्या जाणाऱ्या कानडी-तेलुगूत, तो वाचून का दाखवू नये?

म्हणून सोलापूरने अशा परिषदेला जाऊ नये असे मी म्हणणार नाही, जरूर जावे. मात्र शिष्टमंडळात चादरी-टॉवेलचे कारखानदार आणि जिल्हाधिकारी यांच्याबरोबर यंत्रमाग कामगारांनी निवडलेला एक प्रतिनिधी, विडी कामगारांच्या संघटनेतली एक बाई, विमुक्तांच्या वस्तीतला एखादा शिकलेला तरुण आणि महापालिकेच्या लेखा विभागातला, आकड्यांवर बोट ठेवणारा एक खडूस माणूस असावा. बरोबर करारनाम्याचा मराठी मसुदा असावा आणि त्यात चौथ्या वर्षीच्या देखभालीचा पैसा कोण देणार, काम फसले तर जबाबदारी कोणाची, आणि सभेने बहुमताने नको म्हटले तर प्रकल्प किती दिवसांत थांबणार, ही तीन कलमे आधीच भरलेली असावीत. दुभाष्याचा खर्च परिषदेने करावा. तेवढे त्यांना परवडेल.